मोटर आतून किती तापलीय? सेन्सर डेटा आणि मशीन लर्निंग वापरून अंदाज कसा काढायचा

मोटर तापलीय का हे बघायची आपल्याकडची ठरलेली पद्धत म्हणजे बॉडीला हात लावायचा आणि चटका बसला की ओरडायचं. पण साठ अंशांच्या आसपास लोखंडावर हात ठेवणंच मुश्किल होतं, आणि आतल्या वाइंडिंगसाठी साठ म्हणजे अजून काहीच नाही. बी क्लासचं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंत झेलतं, एफ क्लासचं १५५, एच क्लासचं १८०. म्हणजे हात जिथं हरतो तिथून पुढंच खरा मामला सुरू होतो. त्यात जुना ठोकताळा असा की मर्यादेच्या वर दर १० अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, त्यामुळे जास्त तापलेली मोटर त्याच दिवशी जळत नाही, ती दोन-तीन पावसाळ्यांनी जळते आणि तेव्हा सगळे म्हणतात, अरे काल तर नीट चालत होती.

इलेक्ट्रिक स्कूटर, कार यांच्यातल्या परमनंट मॅग्नेट मोटरींची भानगड अजून वेगळी. तिथं वाइंडिंगसोबत रोटरमधल्या मॅग्नेटचीही काळजी असते. निओडिमियम मॅग्नेटचा साधा ग्रेड ८० अंशांपर्यंतच ठीक, एसएच ग्रेड १५०, यूएच १८०. त्याच्या वर नेलं आणि वर उलटं चुंबकीय क्षेत्रही जोरात असलं तर मॅग्नेट कायमचा अशक्त होतो, मोटर थंड झाली तरी ती ताकद परत येत नाही. आणि नेमका तोच भाग फिरणारा, त्याला सेन्सर लावून वायर बाहेर काढायची तर स्लिप रिंग (फिरत्या भागातून सिग्नल बाहेर आणणारी कडी) किंवा टेलिमेट्री (बिनतारी सिग्नल) लागते, टेस्ट बेंचवर ते परवडतं, चोर्ला घाट चढणाऱ्या गाडीत कोण बसवणार.

म्हणून उपाय असा: जे सहज मोजता येतं, म्हणजे करंट, व्होल्टेज, स्पीड, बाहेरचं किंवा कूलंटचं तापमान, त्यावरून आतलं तापमान किती असेल ते मॉडेलला ओळखायला शिकवायचं. गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणारी मुलं आणि वेर्णा-कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मेंटेनन्स बघणारी मंडळी, दोघांनाही चालेल असं लिहितोय. पायथन थोडंफार येतं आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये काय असतं ते माहितीय एवढं धरून चालतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा

मोटरचं आत्ताचं तापमान आत्ताच्या करंटवर ठरत नाही, गेल्या तासाभरात तिच्यासोबत काय काय झालं त्यावर ठरतं. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं. चुलीवरून मडकं उतरवलं तरी पेज थोडा वेळ रटरटतच राहते, तसं लोखंड आणि तांबं उष्णता धरून बसतं. तांब्याचं वाइंडिंग काही मिनिटांत तापतं, पण अख्खी बॉडी तापायला अर्धा-पाऊण तास, मोठ्या मोटरीला त्याहून जास्त लागतो. म्हणजे एकाच मोटरीत दोन-तीन वेगवेगळ्या वेगाने चालणारी घड्याळं आहेत.

आता जर तुम्ही मॉडेलला फक्त "या क्षणी करंट २० अँपिअर, स्पीड १४५०" एवढंच सांगितलं तर त्याला उत्तर देताच येणार नाही, कारण आत्ताच चालू केलेली थंड मोटर आणि सकाळपासून रेटलेली मोटर या दोघींचं हे रीडिंग डिट्टो सारखं असू शकतं. मग तुम्ही न्यूरल नेटवर्क लावा, एक्सजीबूस्टसारखं दुसरं मॉडेल लावा, ढीगभर लेयर टाका, माहितीच नाही तर ते बिचारं काय करणार. बऱ्याच प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मॉडेलांची लांबलचक यादी असते आणि हा साधा मुद्दा कुठेच नसतो.

उष्णता येते कुठून तेही थोडक्यात. तांब्यातला लॉस करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, लोखंडातला लॉस फ्रिक्वेन्सी आणि फ्लक्सवर अवलंबून, शिवाय थोडं बेअरिंग आणि हवेचं घर्षण. त्यात तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के, म्हणजे १०० अंशांनी तापलं तर तोच करंट जवळपास ४० टक्के जास्त उष्णता काढतो. मॉडेलला मूळ करंट नको, करंटचा वर्ग द्या, अर्धी फिजिक्स तिथंच आयती मिळते.

सरावासाठी डेटा

स्वतःच्या मोटरवर हात टाकण्याआधी तयार डेटावर शिका. जर्मनीतल्या पाडरबॉर्न युनिव्हर्सिटीने टेस्ट बेंचवर एका परमनंट मॅग्नेट सिंक्रोनस मोटरचा डेटा गोळा करून कॅगल या डेटा शेअर करायच्या साइटवर फुकट ठेवलाय, "इलेक्ट्रिक मोटर टेम्परेचर" या नावाने सापडेल. एकूण सुमारे १८५ तासांचं रेकॉर्डिंग, सेकंदाला दोन रीडिंग, म्हणजे तेरा लाखांच्या वर ओळी. मोटर वॉटर कूल्ड आहे. स्पीड आणि टॉर्क बहुतेक वेळा मुद्दाम भटकत ठेवलेत, रस्त्यावरच्या गाडीसारखे, त्यामुळे एकाच लोडवर तासन्‌तास चालवलेल्या डेटापेक्षा हा कितीतरी कामाचा.

कॉलम असे: डी आणि क्यू अक्षांवरचं (म्हणजे रोटरसोबत फिरणाऱ्या दोन काल्पनिक अक्षांवरचं) व्होल्टेज, त्याच अक्षांवरचा करंट, स्पीड, टॉर्क, कूलंटचं तापमान, आजूबाजूचं तापमान, मग स्टेटरची (न फिरणाऱ्या भागाची) तीन तापमानं म्हणजे वाइंडिंग, टूथ (लोखंडाचे दात) आणि योक (त्यामागचं कडं), आणि शेवटी मॅग्नेटचं. शिवाय प्रोफाइल आयडी, म्हणजे ही ओळ कुठल्या सेशनमधली. हा कॉलम बघून लोक सरळ ड्रॉप करतात, करू नका, सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे, का ते पुढं येतं.

टार्गेट म्हणून मॅग्नेटचं तापमान घ्या. इनपुटमधून स्टेटरची तिन्ही तापमानं काढून टाका, कारण ती दिली तर मॉडेल त्यांच्यावरूनच उत्तर ढापतं आणि स्कोअर मस्त दिसतो, पण तुमच्या खऱ्या गाडीत टूथ आणि योकला सेन्सर असणारच नाही. टॉर्कही काढा, खरा टॉर्क मोजणं गाडीत परवडत नाही. नियम सोपा आहे, जे सेन्सर शेवटी खरोखर हाताशी असतील तेवढेच इनपुटमध्ये. वाइंडिंगमध्ये एक पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) बसवलेला असेलच तर तो ठेवा, मग तो हक्काचा आहे.

जुनी आठवण फीचरमध्ये कशी घालायची

इथं थोडं थांबून वाचा, सगळा जीव इथं आहे.

आठवण द्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे अशी सरासरी जी नव्या रीडिंगला जास्त भाव देते आणि जुनं हळूहळू विसरते. सूत्र एका ओळीचं:

नवी सरासरी = जुनी सरासरी + अल्फा × (आत्ताचं रीडिंग − जुनी सरासरी)

आणि अल्फा = २ ÷ (स्पॅन + १). स्पॅन जेवढा मोठा तेवढी आठवण लांब. हे सूत्र बघून कुणाला इलेक्ट्रॉनिक्सचा आरसी फिल्टर आठवला असेल तर बरोबरच आहे, आणि मोटर गरम होण्याचं गणितही त्याच जातीचं, म्हणून तर हे एवढं चपखल बसतं. हिशेबासाठी लक्षात ठेवा, टाइम कॉन्स्टंट साधारण स्पॅनच्या निम्मा येतो. सेकंदाला दोन रीडिंग असतील तर ७२०० चा स्पॅन म्हणजे एक तास, आणि टाइम कॉन्स्टंट अर्धा तास.

एकच स्पॅन घेऊ नका, आत तीन घड्याळं आहेत म्हटलं ना, मग तीन-चार स्पॅन घ्या, एक दहा मिनिटांच्या आसपास, एक अर्ध्या तासाचा, एक तासाचा, एक त्याहून लांब. प्रत्येक मूळ कॉलमची प्रत्येक स्पॅनने सरासरी काढा. त्याआधी दोन-चार नवे कॉलम बनवा: डी आणि क्यू करंटच्या वर्गांची बेरीज, तसंच व्होल्टेजचं, स्पीडचा वर्ग, करंट आणि स्पीडचा गुणाकार. एवढं केलं की चाळीस-पन्नास कॉलम होतात, पुरे.

पांडाज या पायथन लायब्ररीत हे करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, सरासरी काढताना आधी प्रोफाइल आयडीने ग्रुपबाय करा, नाहीतर एका सेशनची उष्णता दुसऱ्या सेशनमध्ये सांडते, प्रत्यक्षात त्या दोन सेशनमध्ये कोण जाणे किती दिवसांचं अंतर असेल. दोन, ईडब्ल्यूएम फंक्शनमध्ये अ‍ॅडजस्ट नावाचा पर्याय डीफॉल्टने चालू असतो, तो बंद करा. चालू ठेवला तर सुरुवातीच्या ओळींचं वजन वेगळ्या पद्धतीने काढलं जातं आणि नंतर पॅनलमधल्या कंट्रोलरवर वरचं एका ओळीचं सूत्र चालवाल तेव्हा आकडे जुळणार नाहीत, आणि मग दिवसभर वायरिंगमध्ये फॉल्ट शोधत बसाल.

डेटाचे भाग पाडताना

सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचं नेहमीचं ट्रेन-टेस्ट-स्प्लिट ओळी पत्त्यांसारख्या पिसून वाटतं. इथं ते चालत नाही. शेजारच्या दोन ओळींत अर्ध्या सेकंदाचं अंतर, तापमान जवळपास तेच, मग एक ट्रेनिंगमध्ये गेली आणि शेजारची टेस्टमध्ये तर ती परीक्षा नाही, कॉपी आहे. रँडम फॉरेस्ट अशा वेळी ९९ टक्क्यांच्या वरचा स्कोअर आरामात देतो आणि नव्या सेशनवर तोंडावर आपटतो. असे झकास स्कोअर दिसले की माझी पहिली शंका स्प्लिटवरच असते, आणि बहुतेक वेळा ती खरी निघते.

म्हणून प्रोफाइल आयडी. काही अख्खी सेशन बाजूला काढा, त्यांना मॉडेलने कधीच बघायचं नाही. ग्रुप के-फोल्ड, म्हणजे अख्खी सेशन आळीपाळीने बाजूला ठेवणारी पद्धत, वापरली की हे काम आपोआप होतं. स्केलरही (कॉलम एकाच मापात आणणारा) फक्त ट्रेनिंगच्या डेटावर फिट करा, सगळ्यावर नाही.

मॉडेल कुठलं

रिज रिग्रेशनने सुरुवात करा. साधी रेषा, थोडं रेग्युलरायझेशन (म्हणजे कोइफिशिएंट फार मोठे होऊ न देणारा लगाम), कारण वेगवेगळ्या स्पॅनचे कॉलम एकमेकांशी खूप जुळतात आणि साध्या लिनिअर रिग्रेशनचे कोइफिशिएंट त्यामुळे वेडेवाकडे होतात. लोकांना वाटतं हे काय शाळकरी मॉडेल, पण ज्यांनी हा डेटा बनवला त्याच पाडरबॉर्नच्या टीमने २०२१ मध्ये वेगवेगळ्या मॉडेलांची तुलना छापली, आणि त्यात फीचर आणि सेटिंग नीट केल्यावर लिनिअर मॉडेल आणि साधं फीड-फॉरवर्ड न्यूरल नेटवर्क मोठ्या मॉडेलांच्या तोडीस तोड निघाली. आठवण फीचरमध्ये आधीच घातली असेल तर मॉडेलवरचा बोजा कमी होतो, एवढंच त्यामागचं कारण.

झाडांच्या जातीतली मॉडेलं, म्हणजे रँडम फॉरेस्ट, एक्सजीबूस्ट, यांच्याबद्दल माझं मत जरा वाईट आहे या कामासाठी. ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त तापमान ११० दिसलं असेल तर रँडम फॉरेस्ट आयुष्यात कधी १११ म्हणणार नाही, त्याची रचनाच तशी आहे, तो जुन्या उत्तरांची सरासरी काढतो. आणि आपल्याला नेमकं तेव्हाच उत्तर हवं असतं जेव्हा मोटर पूर्वी कधी तापली नव्हती एवढी तापते. हातात एकच अलार्म असेल तर तो छताला डोकं आपटणारा नको.

जीआरयू, कन्व्होल्युशन वगैरे डीप लर्निंगची मॉडेलं आठवण स्वतःच शिकतात, प्रोजेक्टला दाखवायला छान. थर्मल न्यूरल नेटवर्क नावाचा एक प्रकारही आहे, त्यात उष्णतेच्या वहनाचं समीकरण आणि न्यूरल नेटवर्क एकत्र विणलेलं असतं, ते वाचण्यासारखं आहे. पण आधी रिजचा आकडा वहीत लिहून ठेवा, मग बाकीच्यांनी त्याला हरवून दाखवायचं.

चूक मोजताना नुसती सरासरी चूक बघू नका. मॉडेलने जिथं सगळ्यात कमी सांगितलं, म्हणजे खरं १२० होतं आणि ते म्हणालं ११२, तो सगळ्यात वाईट क्षण शोधा. जास्त सांगितलं तर फार तर मोटर उगाच हळू चालेल, कमी सांगितलं तर कॉइल जाते. आणि ग्राफ काढाच, खरं आणि अंदाज एकावर एक, अख्खं सेशन, कारण चूक सुरुवातीला आहे की लोड बदलताना आहे की थंड होताना आहे हे आकडा कधीच सांगत नाही.

आता आपल्या मोटरवर

समजा बर्फाच्या फॅक्टरीतल्या कॉम्प्रेसरची मोटर घेतली. मालीम किंवा कुटबणसारख्या जेटीला बर्फ पुरवणाऱ्या फॅक्टरीत असते तशी, थ्री-फेज इंडक्शन मोटर, मागे शाफ्टवरच पंखा, ड्राइव्हवर (फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड बदलणाऱ्या यंत्रावर) चालणारी. इथं मॅग्नेट नाही, टार्गेट वाइंडिंगचं तापमान. पण शिकायला खरं उत्तर कुठून तरी हवं, म्हणजे निदान एका मोटरीत तरी सेन्सर लागणारच.

सेन्सर बसवायची खरी वेळ म्हणजे मोटर रिवाइंडिंगला गेली की. रिवाइंडिंगवाल्याला आधी सांगून ठेवा, तो कॉइलच्या टोकाच्या गुंडाळीत पीटी-१०० बांधून वरून वार्निश मारतो, नंतर तो सेन्सर काढता-घालता येत नाही, म्हणून दोन बसवा, एक गेला तर दुसरा. पंख्यापासून लांबची बाजू, म्हणजे पुली किंवा कपलिंगकडचं टोक, सहसा जास्त तापतं, तिकडे बसवलेला बरा. पीटी-१०० म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम, म्हणजे एका अंशाला अर्धा ओहमही नाही, लांब वायरीचा रेझिस्टन्सच त्याहून जास्त भरतो. म्हणून तीन वायरींचा घ्या, शील्डेड केबल, शील्ड एकाच टोकाला अर्थ, आणि ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका, नाहीतर तापमान दर सेकंदाला पाच अंश नाचताना दिसेल.

सेन्सर शक्यच नसेल तर रेझिस्टन्स पद्धत आहे. मोटर थंड असताना वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि तापमान लिहून ठेवा, मग गरम मोटर बंद करून लगेच परत मोजा. समजा सकाळी २८ अंशांना १.२० ओहम होता आणि चालून बंद केल्यावर १.५० ओहम आला. १.५० भागिले १.२० म्हणजे १.२५. त्याला २३४.५ अधिक २८, म्हणजे २६२.५ ने गुणलं की ३२८.१, त्यातून २३४.५ वजा केले की ९३.६ अंश. ही झाली अख्ख्या वाइंडिंगची सरासरी, सगळ्यात गरम जागा त्याहून वर असते. साधं मल्टिमीटर इथं कामाचं नाही, चार वायरींचं मिली-ओहम मीटर हवं, आणि मोजणं अर्ध्या मिनिटाच्या आत व्हायला हवं. घाई असली तरी मेन आयसोलेट करून कुलूप लावल्याशिवाय टर्मिनलला हात नाही, आणि ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये व्होल्टेज शिल्लक राहतं, ते उतरायला किती मिनिटं थांबायचं हे ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. म्हणून ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये स्वतंत्र आयसोलेटर असला तरच हे वेळेत जमतं. या पद्धतीने रोज एक-दोनच बिंदू मिळतात, त्याच्यावर मॉडेल शिकवता येत नाही, तपासता मात्र छान येतं.

बाकीचं ड्राइव्हकडूनच येतं, आरएस-४८५ केबलवर मॉडबस (यंत्रांनी एकमेकांना आकडे सांगायची ठरलेली भाषा) लावली की करंट, फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज सगळं मिळतं. ड्राइव्ह नसेल, मोटर डायरेक्ट किंवा स्टार-डेल्टावर असेल, तर सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आणि मॉडबसवाला एनर्जी मीटर. सगळं एकाच लॉगरवर एकाच घड्याळावर आणा, दोन घड्याळांचा डेटा नंतर जुळवत बसणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

डेटा साठवताना एक बारकावा. दर सेकंदाला रीडिंग घेऊन दहा सेकंदांना एक ओळ लिहिणं पुरतं, पण त्या ओळीत करंटची सरासरी नको, करंटच्या वर्गाची सरासरी हवी. पाच सेकंद १० अँपिअर आणि पाच सेकंद ३० अँपिअर गेला असं धरा. सरासरी २०, तिचा वर्ग ४००. पण खरी उष्णता १०० आणि ९०० यांच्या सरासरीइतकी, म्हणजे ५००. चक्क २० टक्के उष्णता हिशेबातून गायब. डायरेक्ट स्टार्ट मोटरीचा सुरुवातीचा करंट सहा-सात पट असतो, तिथं तर ही तफावत भलतीच होते.

आजूबाजूचं तापमान मोजायचा सेन्सर पंख्याच्या जाळीपाशी लावा, जिथून मोटर खरंच हवा ओढते तिथं. मोबाइलवरचं हवामान घेऊ नका. पत्र्याखालची एप्रिल-मेमधली दुपार आणि बाहेरचं तापमान यांचा काही संबंध नसतो. आणि टार्गेट म्हणून सरळ वाइंडिंगचं तापमान न घेता वाइंडिंग वजा हवा, म्हणजे चढ घ्या. मॉडेलने चढ सांगायचा, हवेचं तापमान नंतर त्यात मिळवायचं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे शिकलेलं मॉडेल मेमध्येही टिकतं.

दहा सेकंदांच्या ओळींसाठी टाइम कॉन्स्टंट दोन, दहा आणि चाळीस मिनिटं धरले तर स्पॅन २४, १२० आणि ४८० येतात. इथून सुरू करा, मग तुमच्या मोटरीप्रमाणे हलवा.

शाफ्टवरच्या पंख्याची एक खोड आहे: ड्राइव्हने स्पीड निम्मा केला की पंखाही निम्मा, हवा कमी, पण करंट तेवढाच असेल तर मोटर जास्त तापते. लिनिअर मॉडेलला हे आपोआप कळत नाही, म्हणून करंटचा वर्ग गुणिले (५० वजा फ्रिक्वेन्सी) असं एक फीचर द्या. मोटर पूर्ण थांबली की तर पंखाच नाही, मग ती तापते त्यापेक्षा बरीच सावकाश थंड होते. एकच अल्फा ठेवला तर मॉडेल म्हणतं थंड झाली आणि आत अजून धग असते. त्यावर उपाय म्हणजे थांबलेल्या वेळेसाठी वेगळा, लहान अल्फा. थंड होतानाच्या ग्राफवरून तो काढता येतो, आणि ट्रेनिंगच्या वेळीही सरासरी याच दोन अल्फांनी काढायची.

किती दिवसांचा डेटा लागतो असं सगळे विचारतात, पण दिवस मोजण्यापेक्षा लोडचे प्रकार मोजा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बर्फाला उठाव नसतो, कॉम्प्रेसर आरामात. त्या डेटावर शिकवलं तर मॉडेल पावसाळ्यात एकदम बरोबर आणि ऑगस्टमध्ये सीझन चालू झाला, जेटीवर बर्फासाठी टेम्पोंची रांग लागली, की त्याला हे लोड अनोळखी. म्हणून टेस्टसाठी एखादा अख्खा जड आठवडा बाजूला ठेवा, पिसलेल्या ओळी नाही.

पॅनलमध्ये बसवताना

रिज मॉडेल म्हणजे शेवटी पन्नासेक गुणाकार आणि बेरजा. ईएसपी-३२ सारख्या छोट्या स्वस्त चिपवर चालतं, पीएलसीवरही (पॅनलमधल्या इंडस्ट्रियल कंट्रोलरवर) चालतं, इंटरनेटची गरज नाही. पीएलसीवर करत असाल तर इंटिजर नको, रिअल नंबर वापरा, अल्फा ०.००४ असताना इंटिजरमध्ये लहान फरक शून्य होऊन जातो आणि सरासरी जागची हलतच नाही.

मोठा प्रश्न लाइट जाण्याचा. जूनच्या पहिल्या पावसात, झाड तारेवर पडलं, वीस मिनिटं लाइट गेली. आली की कंट्रोलर नव्याने उठतो, सगळ्या सरासऱ्या शून्यावर, आणि मॉडेल म्हणतं मोटर थंडगार. प्रत्यक्षात आत शंभरच्या आसपास धग आहे, आणि ऑपरेटर राहिलेलं काम भरून काढायला लगेच फुल लोड देतो. मॉडेल सगळ्यात जास्त चुकतं ते नेमकं अशा वेळी. म्हणून सरासऱ्या दर मिनिटाला कायमच्या मेमरीत वेळेसकट लिहून ठेवा. ईएसपी-३२ च्या फ्लॅशला लिहिण्याच्या मर्यादा असतात, त्यामुळे एफरॅम चिप (कितीही वेळा लिहिली तरी न झिजणारी मेमरी) किंवा बॅटरीवाली आरटीसी (घड्याळाच्या चिपमधली) मेमरी बरी. परत उठल्यावर किती वेळ गेला ते बघा, तेवढ्या वेळासाठी थांबलेल्या मोटरचा अल्फा वापरून सरासऱ्या खाली आणा, आणि मग पुढं चालू. वेळ कळलीच नाही तर मोटर गरमच आहे असं धरा.

अलार्मचा आकडा ठरवताना टेस्टमधली सर्वात वाईट कमी-सांगण्याची चूक आधी वजा करा. एफ क्लासच्या मोटरीला १४० वर अलार्म हवा असेल आणि मॉडेल टेस्टमध्ये ८ अंशांनी कमी सांगत होतं तर अलार्म १३२ वर. ओव्हरलोड रिले आणि वाइंडिंगमधला पीटीसी थर्मिस्टर (ठरावीक तापमानाला रेझिस्टन्स एकदम वाढणारा सेन्सर) असेल तर ते जसेच्या तसे राहू द्या, ट्रिप करायचं काम त्यांचंच. मॉडेलने आधी ओरडायचं, ड्राइव्हचा स्पीड थोडा खाली आणायचा, बस.

ज्या मोटरीत पीटी-१०० बसवलाय तिथं तर मॉडेलचा अजून एक उपयोग होतो, आणि मला तोच जास्त आवडतो. खरं तापमान वजा मॉडेलचा अंदाज, हा फरक रोज लिहून ठेवा. स्वच्छ मोटरवर तो शून्याच्या आसपास नाचतो. पंख्याच्या जाळीत कचरा अडकला, बॉडीच्या फिनमध्ये धूळ, ग्रीस आणि खाऱ्या हवेचा थर बसला की तोच फरक आठवड्यागणिक हळूहळू वर सरकतो, लोड काहीही असो. करंट नॉर्मल, आवाज नॉर्मल, रिले गप्प, आणि फरक पाच, सात, नऊ. जाळी काढून फिन साफ केल्या आणि फरक खाली आला तर ठीक, नाही आला तर बेअरिंग, फेजमधलं असंतुलन, पंख्याचं तुटलेलं पातं या क्रमाने बघा.

याच कारणासाठी मॉडेलला दर महिन्याला आपोआप नव्या डेटावर शिकवायची सोय करू नका. तसं केलं तर ते मळलेल्या मोटरीलाच नॉर्मल समजायला लागतं आणि फरक कायम शून्य दिसतो. रीट्रेनिंग फक्त मोटरीत खरोखर काही बदललं तर, म्हणजे रिवाइंडिंग, नवा पंखा किंवा वेगळी पुली, आणि तेही मोटर साफ केल्यानंतरच्या डेटावर.